उन्हाच्या मुलखात मुडदूस

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. आमच्या सरड्याची धाव दारव्ह्याहून थेट नागपूरपर्यंत गेली. यवतमाळ, कळंब, वर्धा करत जवळजवळ दोनशे किलोमीटर. गाडीत मी, सौ., मांडीवर एक प्लास्टिकचं खोकं, खोक्यात टॉवेल आणि टॉवेलात जबडा सुजलेला एक हिरवा इग्वाना.

पोस्ट मोठी आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आधी हसून घ्या. मीही पहिल्यांदा हसलोच होतो. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय एका सरड्याचा असला तरी दुखणं फक्त त्याचं नाही.

आधी हा प्राणी आमच्या घरी आला कसा ते सांगतो. मुलगा पुण्यात नोकरीला. 2021 मध्ये सगळं बंद-चालू होत होतं, पोरगा खोलीत एकटा, त्या काळात त्यानं एका दुकानातून वीतभर लांबीचं इग्वानाचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं मोती. सरड्याला कुत्र्याचं नाव! पुढं खोली बदलली, नवीन घरमालकानं हात जोडले, आणि 2024 च्या दिवाळीत चिरंजीव घरी आले ते काचेची पेटी घेऊनच. "बाबा, दोन-चार महिने ठेवा, मग नेतो." तोवर मोती शेपटीसकट तीन फुटांच्या घरात गेला होता.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत अर्धी आळी अंगणात. "काय भाऊ, घोरपड पाळली काय?" एक म्हातारेबुवा तर हात जोडून म्हणाले, "बाप्पा, हे तर तानाजीची यशवंती!" कोंढाण्याच्या गोष्टीतली ती घोरपड आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेली. इतिहासात तिला आधार किती, हा वेगळा वाद आहे. पण मराठी माणसाला माहीत असलेली पाळीव घोरपड ती एकच. एक-दोघांनी पुढाऱ्यांचे रंग बदलण्यावरचे विनोदही करून घेतले. असो.

तर मंडळी, ही घोरपड नव्हे. घोरपड आपली, या मातीतली. ती वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, मारणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. तेल काढणाऱ्यांनी आणि "हत्थाजोडी" नावाची मुळी म्हणून तिचे अवयव विकणाऱ्यांनी हे नीट वाचावं. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पूर्ण शाकाहारी. पालापाचोळा, फुलं, फळं खातो. तो पाळता येतो, पण कागद लागतो. त्या कागदाकडे नंतर येतो.

आता चूक कुठं झाली ते सांगतो, आणि ती माझी आहे.

पुण्याला मोतीच्या पेटीत दोन दिवे होते. एक उष्णतेचा आणि एक लांब ट्यूब. आणताना ती ट्यूब फुटली. मुलगा म्हणाला, "बाबा, तशीच ऑनलाइन मागवा." मी म्हटलं, ट्यूब म्हणजे उजेडच ना? आणि उजेडाला दारव्ह्यात काय तोटा! साधा पिवळा बल्ब लावला, पेटी पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवली. सकाळी दहा वाजेपर्यंत काचेतून मस्त ऊन यायचं. मोती उन्हात पसरायचा. आम्ही खूश.

खायला काय? काकडी, टमाटर, सफरचंदाची फोड, कधी पोळीचा तुकडा. हिरवं पाहिजे म्हणून पालक. रोज पालक. माणसाला चांगला तर सरड्याला वाईट कसा असेल?

फेब्रुवारीत सौ. म्हणाली, "बघा, कसं अंग धरलं यानं. मांड्या भरल्या." खरंच मांड्या गोल, टणक दिसत होत्या. आम्हाला वाटलं, घरचं खाणं मानवलं. पंधरा दिवसांनी त्याची बोटं थरथरायला लागली. मग तो पोट उचलून चालेना, घासत सरकायचा. एक दिवस तोंड उघडून औषधासारखं पाणी पाजायला गेलो तर खालचा जबडा बोटाखाली दबला. रबरासारखा. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

माझं ढेपेचं दुकान आहे. सरकी ढेप, चुरी, आणि मागच्या फळीवर गाईम्हशींच्या कॅल्शियमचे पाच-पाच लिटरचे कॅन. हाड मऊ म्हणजे कॅल्शियम कमी, एवढं मलाही कळत होतं. झाकण उघडून चमचा भरलाही होता. बरं झालं, आधी ढोरांच्या दवाखान्यात जायची बुद्धी झाली.

तिथले डॉक्टर भला माणूस. बाहेर दोन बैल, एक आडलेली शेळी, आणि त्यात मी खोकं घेऊन. लोक हसत होते, ते हसले नाहीत. त्यांनी बघितलं, जबडा हलकेच चाचपला आणि म्हणाले, "भाऊ, गाय व्यायल्यावर दुग्धज्वरानं बसते ना, तसं रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं दिसतं. गाईला मी डोळे मिटून बाटली लावीन. पण हा पाऊण किलोचा जीव. याची मात्रा मला ठाऊक नाही आणि अंदाजानं सुई मी मारणार नाही." कॅनचं विचारलं तर म्हणाले, "मुळीच पाजू नका. त्यात फॉस्फरस असतो, डी3 असतं, प्रमाण गाईच्या हिशोबानं. याला ते उलटेल."

"मले माहीत नाई" असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला तरी मोठा वाटतो. त्यांनीच दोन-तीन फोन लावले आणि असे प्राणी बघणाऱ्या नागपूरच्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

नागपूरला एक्स-रे काढला. फिल्मवर हाडं अशी फिकट, जणू कोणी अर्धवट खोडरबर फिरवलं. एका पायाच्या हाडाला जुनी चीरही होती. ती कधी पडली, आम्हाला पत्ता नाही. डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण ते कळलं असतं तर ही वेळ आली नसती.

आपल्या लेकरांना पूर्वी मुडदूस व्हायचा ना, तेच हे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी3 जीवनसत्त्व लागतं. इग्वानाच्या कातडीत ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं. त्यातही यूव्हीबी नावाचे किरण. आणि हे किरण काचेतून आत येत नाहीत. उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी येत नाही. म्हणजे आमचा मोती चार महिने उन्हात पसरला होता आणि उन्हाचा जो उपयोग तो त्याला मिळतच नव्हता. फुटलेली ती ट्यूब उजेडाची नव्हतीच, ती यूव्हीबीची होती.

दुसरं पालक. त्यात ऑक्झालेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. काकडीत तर कॅल्शियम नावालाच. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की शरीर ते हाडांतून काढायला लागतं, कारण हृदय आणि स्नायू चालवायला ते लागतंच. म्हणजे घरातला तांदूळ संपला म्हणून भिंतीच्या विटा विकायच्या, तसा प्रकार. हाडं मऊ पडली की त्यांना आधार द्यायला भोवती तंतूंची सूज येते. मांड्या भरल्या म्हणून आम्ही जे कौतुक केलं, ती सूज होती.

विदर्भात, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तिथं आमच्या घरात उन्हाअभावी एका जिवाला मुडदूस झाला. हे मला आजही पचत नाही.

आता कागदाकडे येतो.

वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ज्यांच्या बाबतीत बंधनं आहेत अशा परदेशी प्राण्यांची वेगळी चौथी अनुसूची आली. हिरवा इग्वाना त्यात येतो. 28 फेब्रुवारी 2024 ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत, म्हणजे 28 ऑगस्ट 2024 पर्यंत, परिवेश पोर्टलवर नोंद करायची. त्यानंतर प्राणी घेतला तर 30 दिवसांत. मुलानं ती नोंद वेळेत केली होती. त्यामुळे कोणीतरी "घोरपड पाळली" म्हणून कळवलं आणि एक वनकर्मचारी घरी आले, तेव्हा मी मोबाइलवर कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, मोतीला बघितलं, चहा घेतला. जाताना मी विचारलं, "साहेब, नोंद तर झाली. पण हा आजारी पडला तर न्यायचा कुठं?" ते म्हणाले, "जंगलातला जखमी जीव असता तर आम्ही नेला असता. हा तुमच्या मालकीचा."

त्यांचं काही चुकलं नाही. त्यांचं काम त्यांनी केलं. पण माझा मुद्दा इथून सुरू होतो.

सरकारला माझ्या सरड्याचा जन्म कळवायचा, हस्तांतरण कळवायचं, मरण कळवायचं. मधल्या आजारपणाचा रकाना कुठंच नाही.

दुसरीकडे बघा. 2024 च्या ऑक्टोबरात देशाची 21वी पशुगणना सुरू झाली. त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, कुत्रासुद्धा मोजतात. तालुक्याचा दवाखाना, 1962 नंबरवर येणारी फिरती गाडी, लसींचा साठा हे सगळं या पशुधनाच्या हिशोबानं उभं आहे. तसं असायलाच हवं. फिरत्या गाड्या साधारण एक लाख पशुधनामागे एक, अशा धोरणानं दिलेल्या आहेत. त्या एक लाखात माझा मोती नाही. वनखात्याच्या लेखी तो "मालकीचा" आणि पशुसंवर्धनाच्या लेखी तो "पशुधन" नाही. म्हणजे नोंद आहे, पण वाली नाही.

मला माहीत आहे, आता खाली काय लिहून येणार. "इथं शेतकरी फास घेतोय अन् तुमाले सरड्याचं पडलं!"

बरोबर आहे. यवतमाळ जिल्ह्यात बसून हा प्रश्न टाळता येत नाही, टाळूही नये. माझं दुकान त्याच शेतकऱ्याच्या उधारीवर चालतं. कोणाचा बैल मेला, कोणाची म्हैस विकली गेली, हे मला वहीतून आधी कळतं. 2022 मध्ये लंपी आला तेव्हा डॉक्टर मंडळी रात्रंदिवस गावोगाव फिरताना मी बघितली आहेत. त्या डॉक्टरानं गाय सोडून आधी माझा सरडा बघावा, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही.

पण थोडं थांबा. एक जुनी गोष्ट आठवा.

2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी. त्या काळात शेतकऱ्यांना अनुदानावर दुधाळ गाई वाटल्या. कागदावर सुंदर योजना. गाय येईल, दूध येईल, घरात रोज पैसा येईल. प्रत्यक्षात काय झालं? जास्त दूध देणाऱ्या त्या गाईंना लागणारा हिरवा चारा कोरडवाहू कापसाच्या मुलखात कुठून आणायचा? दूध घ्यायला संकलन केंद्र किती गावांत? आजारी पडली तर डॉक्टर किती दूर? कितीतरी जणांना ती गाय पोसणं आपलं घर पोसण्यापेक्षा महाग पडलं आणि त्यांनी ती विकून टाकली. त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलं होतं.

त्या गाईत आणि माझ्या इग्वानात फरक जमीन-अस्मानाचा. गाय हे पोट आहे, इग्वाना ही हौस. पण चूक एकाच जातीची आहे. जीव हातात दिला आणि तो जगवायची व्यवस्था दिली नाही. वाटप झालं की योजना यशस्वी, नोंद झाली की नियम पूर्ण. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

आणि दुसरी गोष्ट. माझ्या सरड्यासाठी जी सोय मी मागतो आहे, ती उद्या शेतकऱ्याच्या गोठ्यालाही लागणारच आहे. ऐका.

आपल्याकडे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 सालापासून आहे आणि त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे. गोरेवाड्याला त्यांचं वन्यप्राण्यांवरचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकाची संस्था आहे. म्हणजे ज्ञान विदर्भात आहे. पण ते नागपूर-अकोल्यात आहे आणि रोगी दारव्ह्यात, आर्णीत, दिग्रसमध्ये. मधे फक्त रस्ता आहे. आमच्या डॉक्टरांना त्या दिवशी कोणी एवढंच सांगितलं असतं की पाऊण किलोच्या इग्वानाला कुठलं औषध, किती आणि कसं, तर पहिली मदत इथंच झाली असती. त्यांचे हात सराईत होते, सुई होती, इच्छा होती. नव्हती ती एका फोनची सोय. ती त्यांनी स्वतःच्या ओळखीतून केली. ओळख नसती तर?

माणसांसाठी ई-संजीवनी आहे. गावच्या आरोग्य केंद्रातून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा सल्ला पडद्यावर मिळतो. जनावरांच्या डॉक्टरांसाठी तसंच का नको? तालुक्याच्या डॉक्टरानं फोटो, व्हिडिओ, एक्स-रे पाठवावा आणि विद्यापीठातल्या जाणकारानं ठरलेल्या वेळात उत्तर द्यावं. यात नवीन इमारत नाही, भूमिपूजन नाही, फीत नाही. कदाचित म्हणूनच कोणाला सुचत नसेल. आज त्याचा उपयोग माझ्या सरड्याला होईल, उद्या एखाद्या घोड्याला, ससे पाळणाऱ्या बचत गटाला, आणि परवा एखाद्या गाईच्या अशा आजाराला जो इथल्या डॉक्टरानं आजवर बघितलेला नाही. लंपीसुद्धा पहिल्यांदा आला तेव्हा नवाच होता ना?

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत.

१) परिवेशवर नोंद करताना मालकाला एक रकाना सक्तीचा करा: तुमच्या प्राण्यावर उपचार करणारा नोंदणीकृत पशुवैद्य कोण? आणि असा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जिल्हावार यादी त्याच पोर्टलवर टाका. यादी करायला पैसा लागत नाही.

२) तालुका दवाखाना आणि विद्यापीठ यांच्यात सल्ल्याची कायमची ओळ जोडा. सगळ्या जनावरांसाठी. आधी गाय, मग सरडा, पण दोघांसाठी.

३) विकणाऱ्याला जबाबदार धरा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे नियम आहेत, दुकानाची नोंदणी बंधनकारक आहे. त्यात एवढं घाला की परदेशी प्राणी विकताना मराठीत एक छापील कागद दिलाच पाहिजे. तो किती मोठा होतो, किती वर्षं जगतो, काय खातो, कुठला दिवा लागतो. माझ्या मुलाला वीतभर पिल्लू दिसलं. ते पाच-सहा फुटांपर्यंत वाढू शकतं आणि नीट ठेवलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं, हे त्याला विकत घेताना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं घेतलं नसतं, असं तो आज म्हणतो.

सरकारकडे बोट दाखवून झालं. उरलेली तीन बोटं आपल्याकडे आहेत, तेव्हा ते पण लिहितो.

आपल्याकडे आता यवतमाळ, अमरावतीतसुद्धा पोरांना असे प्राणी हवे असतात. रील बघतात, खांद्यावर हिरवा सरडा घेतलेला कोणी दिसतो, झालं. माझं म्हणणं साधं आहे: आधी डॉक्टर शोधा, मग जनावर. ज्याचा डॉक्टर तुम्हाला नावानं माहीत नाही, तो जीव घरात आणू नका. हौस तुमची असते आणि मोडतात त्याची हाडं.

आणि ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी हे बघा. मला दोनशे किलोमीटर जाऊन जे कळलं ते तुम्हाला बसल्या जागी देतो.

यूव्हीबीचा दिवा लागतोच, आणि तो दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण क्षीण होतात, तेव्हा बदलावा लागतो. दिवा आणि प्राणी यांच्यात काच किंवा प्लास्टिक नको. खरं ऊन सगळ्यात चांगलं, पण सकाळचं, उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात, आणि अर्धी जागा सावलीची. काचेची पेटी कधीही उन्हात ठेवू नका, आपल्या मे महिन्यात ती भट्टी होते आणि प्राणी काही मिनिटांत दगावतो. पेटीत एक कोपरा 35 ते 38 अंशांचा, दुसरा त्याहून बराच थंड, म्हणजे त्याला हवं तिकडं सरकता येईल. हा दमट जंगलातला प्राणी आहे. आपली उन्हाळ्यातली कोरडी हवा त्याच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाण्याचा फवारा मारा.

खायला शेवग्याची पानं, जास्वंदाची पानं आणि फुलं, तुतीची पानं, लाल भोपळा किसून. आपल्या दारात जे आहे तेच त्याचं उत्तम खाणं. आम्ही मात्र सफरचंद विकत आणत होतो! पालक, राजगिरा रोज नको. पोळी, भात, मांस, अंडं नाही.

बोटं थरथरणं, जबडा मऊ किंवा सुजलेला, मांड्या अचानक टणक, पोट घासत चालणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उचलताना पूर्ण अंगाखाली हात घाला, शेपटीला किंवा पायाला धरू नका, हाड मोडतं. माणसांचे डी3 चे थेंब, गाईचं कॅल्शियम अंदाजानं देऊ नका. डी3 जास्त झालं तर कॅल्शियम हाडात न जाता मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं, आणि मग काही करता येत नाही. हाताळून झाल्यावर साबणानं हात धुवा. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच जपा, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका.

एक शेवटचं. आजार बघून एका मित्रानं सल्ला दिला, "कायले त्रास घेता? टिपेश्वरले नेऊन सोडून द्या." असं कधीही करू नका. आजारी प्राणी तिथं दोन दिवसांत मरेल. आणि निरोगी सोडला तर? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लोकांनी सोडलेले आणि पळालेले इग्वाना इतके वाढले की ते आज तिथल्या झाडाझुडपांची आणि कालव्यांच्या काठांची डोकेदुखी झाले आहेत. आपल्या जंगलात वाघ-अस्वल-घोरपड आहेत, तेवढं पुरे. सांभाळता येत नसेल तर नोंदीप्रमाणे रीतसर दुसऱ्याच्या नावावर करा. आणि तसा दुसरा सापडत नसेल, तर त्यासाठीही सरकारी जागा असायला हवी, हे मागणीत जोडून घ्या.

मोती आहे. औषध तीन महिने चाललं, नवीन ट्यूब आली, सौ.नं दारात शेवग्याची फांदी लावली. आमच्या डॉक्टरांना नागपूरचे डॉक्टर फोनवर सांगत गेले आणि इंजेक्शनं इथल्याच दवाखान्यात झाली. दोनशे किलोमीटरची खेप एकदाच करावी लागली, त्याचं श्रेय त्या दोन फोनना. जबडा आता कडक आहे, पण वाकडाच जुळला. पाठीला एक बाक राहिला. झाडावर चढणारा प्राणी, त्याला आता चढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहणार.

रोज सकाळी आठ वाजता त्याला जाळीच्या पिंजऱ्यात घालून अंगणात ठेवतो. मधे काच नाही. तो मान वर करतो आणि डोळे मिटून ऊन खातो. मुलगा व्हिडिओ कॉलवर बघतो. "दोन-चार महिने" होते, त्याला आता वर्ष उलटून गेलं.

विदर्भात असे प्राणी बघणारे डॉक्टर तुम्हाला माहीत असतील, तर त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं गाव आणि दवाखाना खाली लिहा. सरकार यादी करेल तेव्हा करेल. आपण आज सुरू करू.